टाचरेकर, डपरकर आणि नरकर

खालचा दिवस मी रचलेला आहे. धामापूरच्या कुठल्याही एका घराचा तो नाही आणि कोकणातल्या निम्म्या घरांचा आहे. त्यातला बिघाड मात्र एकही रचलेला नाही. ज्यांच्याकडे वर्ड आहे आणि कृतिदेव फॉन्ट आहे, त्यांनी त्या त्या कळा दाबून पाहाव्यात.

सकाळी 8.40. गाडीला 11 तास 20 मिनिटे

मुंबईकर मंडळी कुडाळला उतरून रिक्षाने धामापुरात पोचली. दोन काका, तीन आत्या, एक जावई. रात्री 8 ची परतीची गाडी धरायची, कारण उद्या सगळ्यांच्या कचेऱ्या. मधल्या वेळात एकच काम: आजोबांच्या नावावरच्या जमिनीच्या वाटपाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती कागदावर घ्यायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली मालवणच्या तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करायचा, त्याला हे संमतीपत्र जोडायचे. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींना मुलग्यांइतकाच हक्क आल्याने आत्यांच्या सह्या हव्यातच. म्हणून एका आजोबांच्या यादीत आता आचरेकर आहेत, उपरकर आहेत, नारकर, सावंत, पालव, परब आहेत. इतकी आडनावे एका ओटीवर जमायला चतुर्थी लागते. आज चतुर्थी नसताना जमली, ही मोठीच गोष्ट.

घरच्या आबांनी खर्डा हाताने लिहून ठेवला होता. स्वच्छ अक्षर, लाल शाईने समास. मथळ्याला ‘श्री भगवती देवी प्रसन्न’. देवीचे देऊळ तळ्याच्या काठावर, तळे 1530 सालचे, नागेश देसाई नावाच्या मांडलिकाने बांधवलेले. 2020 साली सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ ठरवले. पाचशे वर्षे ज्या बांधाने पाणी अडवून धरले, त्याच्या शेजारी बसून आपण एक कागद दिवसभरात उरकू, असे सगळ्यांनाच वाटत होते.

9.30. गाडीला साडेदहा तास

टायपिंगच्या दुकानात नवा संगणक आला होता. जुना पावसात गेला. दुकानातल्या ताई रेमिंग्टनवर शिकलेल्या, बोटे अशी चालतात की पडद्याकडे बघायची गरज नाही. नजर कायम डावीकडे, खर्ड्यावर. टंकलेखनाच्या परीक्षेला हेच शिकवतात आणि बरोबरच शिकवतात.

आजची सगळी आपत्ती या मिनिटाला ठरून गेलेली होती. जुन्या संगणकावर कोणीतरी, कधीतरी, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ची खिडकी उघडून एकेक खूण काढून टाकली होती. ती कोणी काढली हे ताईंना आठवत नव्हते, काढली होती हेही आठवत नव्हते. ही निवड फाइलीबरोबर प्रवास करत नाही, त्या संगणकावरच्या त्या खात्यापुरती असते. नव्या यंत्रावर सगळ्या खुणा पुन्हा आपापल्या जागी, कारखान्यातून आल्या तशा.

10.15. गाडीला पावणेदहा तास

टायपिंग सुरू झाले. इथे थोडे थांबतो, कारण पुढचे सगळे या एका कळीवर उभे आहे: शिफ्ट.

कृतिदेव हा युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा फॉन्ट. संगणकाच्या लेखी त्यात मराठी नाहीच. ताई ‘ज’ दाबतात तेव्हा फाइलीत इंग्रजी टी जातो, ‘म’ दाबतात तेव्हा ई. फॉन्ट फक्त त्या टीच्या अंगावर ‘ज’चा वेष चढवतो. आणि कोणत्या कळीवर कोणते अक्षर, हे ठरले आहे देवनागरी टाइपरायटरवरून. त्या यंत्रात कळा मोजक्या, अक्षरे उदंड. म्हणून युक्ती अशी केली की कळ नुसती दाबली तर पूर्ण अक्षर आणि शिफ्ट धरून दाबली तर बहुतेकदा त्याचेच अर्धे: म आणि म्, न आणि न्, स आणि स्. काहींच्या वाट्याला मात्र शिफ्टवर परकेच अक्षर आले. ‘अ’च्या डोक्यावर ‘ट’, ‘उ’च्या डोक्यावर ‘ड’, ‘इ’वर ‘ठ’, ‘द’वर ‘छ’, ‘र’वर ‘श्र’. त्यात शोधायला तर्क नाही. जागा होती तिथे बसवले.

आता दुसरी वंशावळ. 1993 साली वर्ड 6.0 आले, त्यात ऑटोकरेक्ट आले. मायक्रोसॉफ्टमधले डीन हॅकामोविच यांचे हे काम. त्याआधी शब्दकोशासारखी एक सोय होती, ठरावीक लघुरूप लिहून एफ-3 दाबले की पूर्ण मजकूर उमटायचा. हॅकामोविच यांनी ओळखले की एफ-3 ची गरजच नाही, शब्द संपल्यावर माणूस स्पेस दाबतोच. त्याच क्षणी गुपचूप दुरुस्ती करावी. पहिला मासला म्हणून टी-ई-एच असे घाईत लिहिले की टी-एच-ई करून द्यायचे. लाखो लोकांचे हात त्यामुळे हलके झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाक्याचे पहिले अक्षर विसरून लहान राहिले तर ते मोठे करून देणे हेही त्याच मदतीतले.

इंग्रजीत शिफ्ट म्हणजे तेच अक्षर, जरा ताठ उभे राहिलेले. अर्थ बदलत नाही. म्हणून वर्डला वाटते, आपण लहानाचे मोठे केले तर कोणाचे काय जाणार? आणि आपल्या टाइपरायटरवर शिफ्ट म्हणजे अर्धे अक्षर किंवा सरळ दुसरेच.

याच कळफलकावर ‘जमीन’ लिहायला टी, ई, एच, यू दाबावे लागतात. पहिली तीन अक्षरे म्हणजे त्या सुधारणायादीतली सर्वांत प्रसिद्ध चूक. वर्ड शब्द संपेपर्यंत वाट बघते, शेवटी ‘न’ येतो, आणि म्हणूनच या कागदातली जमीन वाचते. एका ‘न’ने.

11.05. गाडीला 8 तास 55 मिनिटे

तक्ता. आबांची सूचना: आडनाव आधी, मग नाव. तहसीलला तसेच आवडते.

परिच्छेदांत वर्डला फारसे काही करता येत नव्हते. मराठी वाक्य संपते तिथे ताई जी कळ दाबतात ती खरी हायफनची, फॉन्ट तिला टिंबाचा वेष देतो. वर्डला वाक्य संपल्याचे कळतच नाही, त्यामुळे पुढचे अक्षर ते मोठे करत नाही. परिच्छेदाची सुरुवात तेवढी त्याच्या तावडीत. तक्त्यासाठी मात्र वेगळी खूण आहे: प्रत्येक रकान्याचे पहिले अक्षर मोठे करा. तक्त्यात अकरा ओळी, सहा रकाने.

ताईंनी मथळे लिहिले: गाव, तालुका, मालक, वारस, नाते. पडद्यावर उमटले: गव, तलुका, मलक, वरस, नते.

काना कुठे गेला? कुठेच गेला नाही, तो तिथेच आहे. ‘ग’चा ‘ग्’ झाला, आणि अर्ध्या ‘ग्’पुढे काना आला की डोळ्याला दिसते पूर्ण ‘ग’. टाइपरायटरने अर्धे अक्षर आणि काना जोडून अक्षर घडवायची जी काटकसर शोधली होती, तिनेच आता कान्याचा घास घेतला. चूक चुकीसारखी दिसतही नाही. ‘वरस’ हा मालवणीत चांगला शब्द आहे, वारसाच्या जागी तो येऊन बसला तरी नजर घसरून पुढे जाते.

आडनावांचे हाल कमीअधिक. सावंतांचे सवंत, पालवांचे पलव, नारकरांचे नरकर. परबांचा पहिला ‘प’ लंगडा, मागचा दांडाच नाही. आचरेकर ‘अ’च्या कळीने सुरू होतात, ते झाले टाचरेकर. उपरकर झाले डपरकर. भोगले नावाचे एक जावई होते, त्यांना काहीच झाले नाही. ‘भ’ मुळातच शिफ्ट धरून लिहायचा असतो, तो आधीच मोठा.

ताईंची नजर डावीकडे.

11.50. गाडीला 8 तास 10 मिनिटे

सर्व्हे नंबर आणि क्षेत्रांची यादी पुण्याच्या भाच्याने आधीच एक्सेलमध्ये करून पाठवली होती. मोठ्या कंपनीत आहे, काम नीटनेटके. ताईंनी ती उघडली आणि प्रथमच पडद्याकडे नीट बघितले.

‘सर्व्हे नंबर 12 मार्च?’

कोकणात जमिनीचे तुकडे इतके बारीक की सर्व्हे नंबराला हिस्सा नंबर जोडल्याशिवाय काही कळत नाही. सर्व्हे 12, हिस्सा 3, म्हणजे 12/3. एक्सेलला तिरकी रेघ दिसली की ते तारीख समजते. 12/3 झाले 12 मार्च, 5/6 झाले 5 जून. ज्यांचा हिस्सा नंबर बाराच्या पुढे आणि सर्व्हे नंबर एकतिसाच्या पुढे, ते 46/18 वाले वाचले. ज्या उताऱ्याला अख्खा महाराष्ट्र सातबारा म्हणतो, तो 7/12 असा लिहून बघा: 7 डिसेंबर.

ही चूक आपल्याच नशिबी आहे असे नाही. जनुकशास्त्रात मार्च-1, सेप्ट-2 अशा नावांची जनुके होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचे. 2004 साली शास्त्रज्ञांनी हे छापून सांगितले. 2016 साली दुसऱ्यांनी तपासले तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात ही घाण सापडली. शेवटी 2020 मध्ये नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. ते आपोआप होणारे रूपांतर बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती 2023 मध्ये. मला यात विज्ञानाची हार दिसत नाही, पण कोण कोणापुढे वाकले हे दिसते.

ताईंनी रकाना ‘टेक्स्ट’ करून बघितला. 12 मार्चच्या जागी 45363 आले. एक्सेलने तारीख साठवताना 1900 सालापासूनचे दिवस मोजून ठेवले होते, 12/3 हे मूळ अक्षर त्याने कधीच फेकून दिलेले. आबांनी पिशवीतून छापील उतारे काढले आणि एकेक नंबर वाचून दाखवला. पाऊण तास गेला.

12.35

लाइट गेली.

दुपारी 2.10. गाडीला 5 तास 50 मिनिटे

लाइट आली. फाइल वर्डने राखून ठेवली होती, त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

नंबरांचा रकाना ताईंनी इंग्रजी फॉन्टमध्ये घेतला. सर्व्हे 1 हिस्सा 2 लिहिले, स्पेस दिली. वर्डने 1/2 चा ‘½’ केला. सर्व्हे 1 हिस्सा 4 चा ‘¼’. वाटपाच्या कागदात एखाद्या नावापुढे अर्धा आणि दुसऱ्यापुढे पाव असे दिसणे म्हणजे काय, हे ज्याने भाऊबंदकी पाहिली आहे त्याला सांगायला नको. 1/3 तसाच राहिला. तो वर्डच्या यादीत नाही.

हे कोणी पाहण्याआधीच दुसरी गोष्ट घडली. तक्ता दिसायला सारखा यावा म्हणून ताईंनी तो सगळा निवडला आणि कृतिदेव केला. कृतिदेवमध्ये ‘¼’च्या घरात उघडणारा कंस ठेवलेला आहे आणि ‘½’च्या घरात मिटणारा. दोन सर्व्हे नंबर जाऊन दोन कंस उरले. तिरक्या रेघेच्या घरात अर्धा ‘ध्’ असतो, त्यामुळे 12/3 झाले 12ध्3. ते मात्र ताईंना दिसले, तिरक्या रेघा त्यांनी हाताने परत घातल्या. कंस तसेच राहिले. कंस चुकीचे वाटत नाहीत.

3.20

‘स्थावर मिळकत’ हा शब्द मजकुरात जागोजागी. ‘स्’ आणि ‘थ्’ दोन्ही शिफ्टवरचे, म्हणजे वर्डच्या डोळ्याने पहिली दोन अक्षरे मोठी आणि पुढची लहान. इंग्रजीत ही घाईतली नेहमीची चूक. दुसरे अक्षर लहान करण्याची खूण आधीच लावलेली असते. ‘थ्’ लहान झाला की ऱ्हस्व वेलांटी होते. स्थावर मिळकतीतला ‘थ’ सगळीकडून नाहीसा झाला, स्पुढे एक वेलांटी लोंबकळत राहिली.

‘श’ आणि ‘ष’ यांचे आणखी वेगळे. ते अवतरणचिन्हांच्या कळीवर राहतात. वर्ड सरळ चिन्हाचे वळणदार करते, म्हणजे त्याचा क्रमांकच बदलते. मग त्या नव्या क्रमांकाच्या घरात फॉन्ट बनवणाऱ्याने जे ठेवले असेल ते दिसते.

4.05. गाडीला चार तासांना पाच मिनिटे कमी

अंधेरीला राहिलेल्या थोरल्या चुलत्यांना फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली, एकदा डोळ्यांखालून घाला म्हणून. त्यांच्या फोनवर कृतिदेव नव्हता. वेष उतरला आणि खाली होती ती इंग्रजी अक्षरे उघडी पडली, पानभर. त्यांनी उत्तर पाठवले: ‘बरोबर असात. माका कायच वाचूक येणा नाय.’

पहिले वाक्य वाचून सगळे निश्चिंत झाले.

5.00. गाडीला तीन तास

सह्यांच्या जागा उरल्या होत्या. ठिपक्यांची रेघ हवी म्हणून ताईंनी टिंबाची कळ दाबून धरली आणि एंटर केले. ती कळ हायफनची. ओळीत तीन किंवा अधिक हायफन आणि मग एंटर, म्हणजे वर्डला आडवी रेघ हवी आहे. ठिपके गेले, या समासापासून त्या समासापर्यंत काळी रेघ आली. खोडायला गेले तर खोडता येईना, कारण ती अक्षरे नव्हती, परिच्छेदाची किनार होती. दुसऱ्या सहीसाठी पुन्हा तेच. अशा रेघांचा एक जिना तयार झाला. अशा वेळी लगेच कंट्रोल आणि झेड दाबले तर फक्त वर्डने केलेले मागे जाते, आपण लिहिलेले राहते. हे कोणी सांगत नाही, आणि जे सांगतात ते दुकानात नव्हते.

‘चालात, रेघ ती रेघ,’ आबा म्हणाले.

स्टॅम्प पेपर दोनच आणले होते. दोन्ही छापले.

5.55. गाडीला 2 तास 5 मिनिटे

ओटीवर वाचन. आबांनी खणखणीत आवाजात सगळे संमतीपत्र वाचले. खर्ड्यावरून, छापील अक्षर बारीक पडते म्हणून. जे कानावर आले त्यात एकही चूक नव्हती. पुढे प्रत्येकाने छापील कागद हातात घेतला आणि थेट आपल्या क्षेत्राचा आकडा बघितला. किती आर, कुठे, पाणंद मिळते का. स्वतःचे आडनाव कोण वाचतो? ते तर पाठ असते.

अकरापैकी आठ सह्या झाल्या. सोलकढी आली.

6.40. गाडीला 1 तास 20 मिनिटे

मधल्या आत्यांनी चष्मा लावला. त्या निवृत्त शिक्षिका, सहीआधी कागद अथपासून इतिपर्यंत वाचणाऱ्या.

‘अरे, मी आचरेकर. ह्यो टाचरेकर कोण?’

सगळे हसले. मग उपरकरांनी कागद ओढून घेतला. मग नारकरांनी. हसणे थांबायला अर्धे मिनिट लागले. काकांनी सर्व्हे नंबरच्या रकान्यावर बोट ठेवले. ‘हयसर नुसतो कंस असा. माझी जमीन खंय गेली?’

सातबारावर नाव आचरेकर आणि संमतीपत्रावर टाचरेकर असेल तर ते संमतीपत्र कोणाचे? महसूल दप्तरातल्या लेखनप्रमादासाठी कलम 155 आहे, त्याखाली दुरुस्ती मागता येते. उतारे संगणकावर चढवताना राहिलेल्या चुकांपायी गावोगावचे लोक ते कलम नंबरानिशी ओळखतात. पण ते सरकारच्या दप्तरातल्या चुकीला. आपण आपल्या हाताने चुकीचा कागद नेऊन द्यायचा आणि वर दुरुस्ती मागायची, हे आबांना पटणारे नव्हते, आणि तहसीलच्या टेबलालाही पटले नसते.

मथळ्यातली भगवती तेवढी शाबूत. ‘श्री’ला शिफ्ट, ‘भ’लाही शिफ्ट; वर्डला करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

‘सगळ्यांका बदलल्यान,’ धाकट्या आत्या म्हणाल्या, ‘देवीक हात लावक नाय.’

7.05. गाडीला 55 मिनिटे

जावई मोटारसायकलवरून दुकानात. ताई शटर ओढत होत्या, त्यांनी परत वर केले. आडनावे हाताने नीट केली. आचरेकर लिहिले, स्पेस दिली, पुन्हा टाचरेकर. पुन्हा पुसले, पुन्हा लिहिले. ताई पहिल्यांदाच पडद्याकडे बघत टाइप करत होत्या आणि म्हणून पहिल्यांदाच चुका करत होत्या. जावयांनी फोनवर शोधून ती खिडकी काढली: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट. एकेक खूण काढली. दहा मिनिटांत तक्ता सरळ झाला, ‘स्थावर’मध्ये ‘थ’ परतला, नंबर पुन्हा नंबर झाले.

स्टॅम्प पेपर नव्हता. विक्रेता पाचलाच घरी गेलेला.

7.25. गाडीला 35 मिनिटे

रिक्षा दारात. साध्या कागदावर सह्या घेऊन ठेवाव्यात, नंतर बघू, असे एक काका म्हणाले. कोऱ्या जागेवर सही करायला आत्यांनी नकार दिला आणि तो योग्यच होता. आठ सह्यांचे दोन स्टॅम्प पेपर आबांनी दुमडून कपाटात ठेवले, फाडायला जीव होईना. आंबोळ्यांचे डबे, नारळ, कोकमाच्या बाटल्या रिक्षात चढल्या.

पुढची बैठक चतुर्थीला, असे ठरले. कुडाळ स्टेशनवरून काकांनी पुण्याला फोन लावला. भाचा म्हणाला, तुम्ही कोणी काही टाइप करू नका, या वेळी सगळे मी युनिकोडमध्ये करून आणतो. सर्व्हे नंबरांची शीट तर माझ्याकडे तयारच आहे.